तारेचं दुसरं टोक

सावेडी, अहमदनगर
सोमवार, २० नोव्हेंबर १९७२

विजयमालाबाई उजागरे यांस,
सप्रेम सलाम.

आम्ही खुशाल आहोत. श्रीरामपूरला तुमच्या भावाकडची मंडळीही खुशाल असतील. इकडे पाण्याचे हाल तसेच. टँकर आला तर आला. तुम्ही गेल्यापासून चर्चमध्ये ऑर्गन पाळकसाहेबांचा पुतण्या वाजवतो. काल त्याने शेवटचं कडवं आमच्या आधी संपवलं आणि रुमालाने घाम पुसत आमची वाट बघत बसला. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

मुद्द्याचं लिहिते. माझ्यामुळे तुम्ही नगर सोडलंत असं मंडळीत बोललं जातं. ते खोटं आहे. चर्चच्या पायरीवर मी एवढंच विचारलं होतं, "विजयमालाबाई, एक चाळण परत करायला चार महिने लागतात का?" साधा प्रश्न होता. मुख्याध्यापिका असताना याहून कडक प्रश्न मी रोज विचारत असे, कोणी गाव सोडून गेलं नाही. चारचौघी हसल्या त्याला मी काय करणार?

आणि प्रश्नात चूक काय होती? जुलैत तुम्ही माझी पिठाची चाळण परत करायला आलात. हे व्हरांड्यात एकटेच झगडत होते. वर्कशॉपातून निवृत्त झालेली माणसं गुलाब लावतात, कोंबड्या पाळतात. यांनी अमेरिकेहून विमानाचे नकाशे मागवले. विमान बांधणारा माणूस घरात कसा असतो हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही त्याचा फक्त चांगला भाग पाहिलात.

पंखाचा गाभा थर्माकोलचा. ठोकळे एकमेकांना चिकटवायचं काम माझं. "मरियम, डिंक कडेपर्यंत लावू नको, तार अडते," एवढंच यांचं माझ्याशी बोलणं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी कागदसुद्धा कडेपर्यंत चिकटवायला शिकवलं होतं. तेही मी विसरले. मग दोन्ही टोकांना प्लायवूडचे साचे ठोकायचे आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीसारख्या चौकटीत ताणलेली तापती तार दोघांनी दोन टोकांना धरून साच्यांवरून ओढायची, म्हणजे थर्माकोल पंखाच्या आकारात कापला जातो. एकट्याने ओढली की थर्माकोलला खड्डे पडतात. त्या दिवशी खड्डे पडतच होते. तुम्ही चाळण खुर्चीवर ठेवलीत आणि दुसरं टोक धरलंत. मला डिंक, तुम्हाला तार. चाळण त्याच दिवशी परत झाली, तरी तुम्ही दर शनिवारी येत राहिलात.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी व्हरांड्यात उघडते. तुम्ही दोघं हसला असतात, गप्पा मारल्या असत्यात, तर मी चहा घेऊन येऊन बसले असते. पण तुम्ही नुसते साच्यांवरचे आकडे म्हणत होता. हे म्हणायचे "तीन", तुम्ही म्हणायच्या "तीन". हे "साडेतीन", तुम्ही "साडेतीन". एक श्वास पुढे नाही, मागे नाही. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. आम्ही दोघांनी बरोबरीने उच्चारलेला शब्द एकच, 'आमेन'. त्यातही हे मागे राहतात.

असो. तुम्ही गेल्यावर आमची दूधवाली छबूबाई फाटकातच म्हणाली, "बाई, त्या पेटीवाल्या बाई यायच्या बंद झाल्या व्हय? साहेब लई गप झाल्यात."
मी म्हटलं, "तू दूध मोज."
"मोजतीया की. पर इमानाला एकच पंख हाय अजून. एका पंखावं कोंबडीबी उडत न्हाई."

म्हणून अकरा तारखेला, शनिवारी, मी पदर खोचून दुसरं टोक धरलं. तुम्हाला माहीतच आहे, विमानाच्या अंगाकडचं मोठं टोक यांचं, शेवटाकडचं लहान टोक दुसऱ्याचं. साच्यांवर आकडे तेच, पण लहान टोकाला ते जवळजवळ. म्हणजे यांना लांबून यायचं आणि आपण हळूहळू सरकत त्यांची वाट बघायची. मला वाट बघता येत नाही असं कुणी म्हणू नये. मी आयुष्यभर तेच केलं.

तीनपर्यंत ठीक चाललं. "चार" म्हणताना यांनी मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, फाटकाकडे बघितलं.

तार पुढे गेली. तारा आपोआप पुढे जात नाहीत हे मला कळतं.

हातभर लांब खाच पडली. हे रागावले नाहीत. बॅटरीची वायर काढली, म्हणाले, "राहू दे, मरियम. झालं तेवढं पुष्कळ." झालेल्या उजव्या पंखावर जुनी चादर घातली. आपल्याकडे मयतावर घालतात तशी, डोक्यापासून पायांपर्यंत, नीट खोचून.

तेव्हापासून हे वेळेवर जेवतात. पेपर वाचतात. विचारलं तर उत्तर देतात. काल भाजी चांगली झाली असंही म्हणाले. विमान सुरू झाल्यापासून मला हवा होता तसा नवरा आता मला मिळाला आहे. विजयमालाबाई, मला तो बघवत नाही.

विमान उडेल की नाही, सरकार परवानगी देईल की नाही, मला देणंघेणं नाही. उडालं तरी त्यात जागा एकाचीच आहे, हे मी नकाशात आधीच बघून घेतलं. पण डावा पंख व्हायला हवा. ठोकळे शेवटचे उरलेत, पुन्हा मिळायचे नाहीत. काल यांची झोप लागल्यावर मी ते चिकटवले आणि वर पाटा ठेवला. कडा मोकळ्या सोडल्या आहेत.

आता माझ्या अटी. आकडे मी म्हणेन. मधे उभी राहून, मोठ्याने, शाळेत म्हणत असे तसे. तुम्ही दोघांनी तोंड मिटून तार धरायची. माझ्या आकड्याच्या पुढे कुणी जायचं नाही. यात तुमच्याशी चर्चा करायची माझी तयारी नाही. यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते फाटकाकडे बघतात तर बघू देत.

हे पत्र छबूबाईचा मुलगा सहादेव आणून देईल. तो श्रीरामपूरच्या गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्याजवळ चाळणही पाठवत आहे. तुमच्या भावाच्या घरी चाळणी असतील हे मला ठाऊक आहे. तरी ठेवून घ्या. आणि शनिवारी परत करायला या.

शेवटी 'आपली नम्र' लिहायचा रिवाज आहे. मी तसं लिहीत नाही. सही पूर्ण नावाने करते; मधलं नाव नीट वाचावं.

मरियम शांतवन भिंगारदिवे