मॅटची वाटणी

१२ ऑगस्ट १९५६
आज कचेरीच्या टीमकडून सात विकेट. ऑफ-स्पिन असा वळला की बॅट्समन माझ्याकडे न बघता मॅटकडे बघत परत गेला. पिचवर अंथरायची ही काथ्याची मॅट मधे फाटली होती, सुलतान बाजारच्या मोच्यानं सुतळीनं शिवून दिली. ती जाड शिवण नेमकी गुडलेंग्थवर येते. बाकीचे बोलर तिला शिव्या देतात. मी तक्रार करत नाही, दर चेंडू तिथंच टाकतो. ह्याला कंट्रोल म्हणतात.
नोकरीही मला बोलिंगवरच मिळाली. म्हणजे मी प्रोफेशनलच. टायपिंग आपलं अधूनमधून.

३ सप्टेंबर
राज्याचे तुकडे होणार, पक्कं. आम्हा मराठी लोकांना विचारलंय, औरंगाबादला जाता की इथंच राहता? कुसुमला जायचंय. तिथं तिची आई एकटी, गुडघे धरलेले. तिला समजावलं की नोव्हेंबरात राज्याच्या संघाची ट्रायल आहे, सहा महिन्यांत पेपरात माझा फोटो येईल, मग आईलाच इकडे आणू. तिनं विचारलं, आणि नाही घेतलं तर? असल्या प्रश्नांनी बोटं आखडतात.
'इथंच' असं लिहून दिलं. कुसुम जेवली नाही. तिला पित्ताचा त्रास आहे.

४ सप्टेंबर
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस.

५ सप्टेंबर
उठलो नाही. बोटांना विश्रांती लागते.

१५ ऑक्टोबर
कचेरीत वाटणी. टेबलं, कपाटं, टाइपरायटर, सगळं इकडचं आणि तिकडचं. आमचा विकेटकीपर मुकुंदराव औरंगाबादला चाललाय, तो त्यांच्या बाजूनं भांडत होता. मॅटवर गाडी अडली. मी मोठ्या मनानं म्हटलं, ही फाटकी तुम्हीच न्या, आम्ही नवी मागवू. आमचे सुपरिंटेंडेंट आणि कॅप्टन दस्तगीरसाहेब म्हणाले, सोच लो मियाँ, तुमारे विकेटां उसीच पे गिरते. मी त्यांना स्पिनमधल्या खाचाखोचा समजावून सांगितल्या. ते बराच वेळ हौ हौ म्हणत राहिले.

१ नोव्हेंबर
मुकुंदराव गेला. मॅट गुंडाळून आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमधे, सामानात टाकली. कुसुमनं आईसाठी लोणच्याची बरणी दिली. गाडी सुटल्यावरही ती तशीच उभी राहिली. वाईट वाटलं. पण करिअर म्हटलं की घरच्यांना थोडं सोसावंच लागतं.

१८ नोव्हेंबर, सायंकाळ
ट्रायल झाली. नवी कोरी मॅट. पाच ओव्हर टाकल्या, सगळे चेंडू सरळ. मी शिवण शोधत होतो, म्हणजे लेंग्थ शोधत होतो. एक चेंडू रस्त्यावरच्या सायकलरिक्षात जाऊन पडला, रिक्षा तो घेऊन गेली. दस्तगीरसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, छोडो मियाँ, चाय पीयेंगे.
वारा उलटा होता. शिवाय नवी मॅट मुरायला वेळ लागतो.

१९ नोव्हेंबर
सहज चौकशी केली, अजून औरंगाबाद मागता येईल का. मुदत संपली म्हणाले. कुसुमला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

१३ जानेवारी १९५७
मुकुंदराव कामानिमित्त आला, जेवायला बोलावला. ह्या माणसानं जन्मात बोलिंग केलेली नाही. परवा तिकडे बोलर कमी पडला म्हणून चेंडू हातात घेतला. आठ विकेट! कसं काय टाकलंस, विचारलं. म्हणाला, काही नाही, शिवणीवर टाकत राहिलो.
कुसुम वाढता वाढता थांबली. आई आता जिना चढते का, एवढं त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही. फार लाज वाटली.
मग आठवलं, ती शिवण आधी मीच शोधून काढली होती.

१४ जानेवारी
संक्रांत. बेगम बाजारात काथ्याची मॅट बघायला गेलो. फाटून शिवलेली आहे का, विचारलं. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, म्हणाला, यहाँ सब नया माल है साब. कुसुमनं पायपुसणं सांगितलं होतं, तेवढंच घेऊन आलो.
दारात टाकलं. काथ्या बरा वाटला, म्हणून आजूबाजूला कुणी नाही बघून एक ऑफ-स्पिन टाकून पाहिला. सरळ गेला, थेट स्वयंपाकघरात.
कुसुमनं चेंडू परत दिला नाही.