गळ्याच्या सैल दोऱ्या

प्रिय बाईसाहेब,

पत्र पाहून दचकू नकोस. घर जागेवर आहे, मी जागेवर आहे आणि गॅसचं बटण झोपण्याआधी तपासतो. फोन केला तर तू तो कानाला कमी आणि नातीच्या तोंडाशी जास्त धरतेस. तिच्या हुंकारांना उत्तरं देता देता माझं सांगायचं राहून जातं. शिवाय ही गोष्ट क्रमाने सांगायची आहे. मधेच कुणी ‘बरं, पुढे?’ म्हणायला नको. वाचताना तू म्हणशीलच, पण इथे मला ऐकू येणार नाही.

परवा लेक फोनवर म्हणाली, ‘बाबा, आईचं मन इथे छान रमलंय, तिला आता इथेच राहू द्या.’ मी ‘बघू’ म्हणालो. मागून तुझा आवाज आला, ‘त्यांना विचारायचं काय त्यात? दुकानात माझ्यावाचून काय अडलंय?’ त्यावर मी शेवटी येतो. आधी कामाचं.

आपल्याला मोठं काम मिळालं. गावाबाहेरच्या तलावाचा बांध गळतोय, तो दुरुस्त करायला सगळं पाणी हळूहळू सोडून देताहेत. आतले मासे आणि कासवं जिवंत पकडून वरच्या तलावात हलवायची आहेत. त्या कामाचा मुकादम आधी दुसऱ्या दुकानांत फिरून आला होता. आपल्या दारात आला तेव्हा तोंडाचा पट्टा चालू होता, पण खुंटीवरचं जाळं हातात घेतलं आणि गडी उजेडाकडे वळला. बोटाने गाठींमधला एकेक डोळा चाचपत गेला. मग म्हणाला, ‘मशीनवर केलंय का हो?’ मी म्हटलं, ‘मशीनला इतका धीर असता तर मी दुसरा धंदा शोधला असता.’ शेजारचा शिंपी त्याच्या खिडकीतून हसला. तो हल्ली आपल्याच दुकानाकडे कान लावून बसतो.

माशांचं काम मी चुटकीसरशी उरकलं. वेताच्या टोपल्या, तोंडाशी निमुळती नळी, आत कणकेचे गोळे. मासा नळीतून शिरतो आणि परतीच्या वाटेला टोकदार काड्या त्याच्याकडे रोखलेल्या असतात, बाहेर यायची सोय नाही. कासवाचं मात्र तसं नाही, आणि मुकादमाला हे समजावताना मला जी मजा आली ती तुलाही यावी म्हणून, तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो. तो म्हणत होता, माशांच्याच टोपल्या मोठ्या करा, झालं काम. मी म्हटलं, ‘साहेब, मासा पाण्यातच श्वास घेतो. कासवाला नाक वर काढावं लागतं. तुमच्या टोपलीत ते बुडून मरेल आणि नाव माझं खराब होईल.’ म्हणून कासवाचा पिंजरा आडवा, लांबट. तारेची गोल कडी, त्यांवर जाळं ताणलेलं, आणि दोन्ही कुशींना झाकण घट्ट लावलेले रिकामे डबे, म्हणजे पाठ सतत पाण्याबाहेर तरंगते. आत भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत माशांची डोकी. वास पसरतो, पण आमिष कुणाच्या तोंडी लागत नाही. मुकादमाने मान डोलावली. माझी छाती किती फुगली होती ते शिंप्याला विचार, तो म्हणतो सदऱ्याचं माप पुन्हा घ्यावं लागेल.

का फुगू नये? आपल्या घराण्यात कुणी पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. वडील छत्र्या दुरुस्त करायचे. मी काठावर सापडलेलं एक फाटकं जाळं घरी आणलं, त्याची एकेक गाठ सोडवली आणि उलट्या क्रमाने पुन्हा बांधली. हाच माझा अभ्यास आणि हाच मास्तर. पहिला पिंजरा मोडक्या छत्रीच्या काड्यांचा होता आणि त्यात पहिल्यांदा काय सापडलं तर वडिलांचीच चप्पल. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हा किस्सा आईने तुला पहिल्याच दिवशी ऐकवला होता, आणि तू पदर तोंडाशी धरून हसली होतीस. मला राग आला होता. तो फार वेळ टिकला नाही, हेही तुला ठाऊक आहे.

सुरुवातीला तू दोरे कापून द्यायचीस. मग एकदा माझा हात पिंजऱ्याच्या कड्यातून आत जाईना, तू म्हणालीस, ‘सरका बाजूला,’ आणि खांद्यापर्यंत हात घालून गळा बांधून मोकळी झालीस. तेव्हापासून गळे तुझे. गळा म्हणजे पिंजऱ्याचा जीव. बाहेरून रुंद, आत जाता जाता चपटा होत जाणारा जाळ्याचा मार्ग, आणि त्याची आतली फट मागच्या कड्याला दोऱ्यांनी बांधलेली. बाकी सगळं माझं, गळा तुझा. आणि तू बांधलास की त्या दोऱ्या मी ओढून ताठ करायचो. तारेसारख्या, बोटाने छेडल्या तर वाजतील अशा. ढिलं काम मला बघवत नाही, म्हणून तर तू मला मोजपट्टी म्हणतेस.

पण एक गोष्ट मला वर्षानुवर्षं छळत होती. संध्याकाळी ताणलेल्या दोऱ्या सकाळी सैल सापडायच्या. मी हवेतल्या दमटपणाला दोष दिला. दोरा बदलला. मेण लावलं. एकदा तर दोऱ्या उकळून काढल्या आणि तू म्हणालीस, ‘मीठ घालू का?’ दमट हवेत दोर कसा सैल पडतो यावर मी शिंप्याला इतकं ऐकवलंय की तो हल्ली स्वतःच्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. या खेपेला गळेही मीच बांधले. हात कड्यातून जात नव्हता म्हणून कडी सोडवून, गळा बांधून, कडी पुन्हा बसवली. वेळ लागला, पण काम असं देखणं झालं की मुकादमाने फोटो काढले. पिंजरे तलावात ओळीने लावले. दुसऱ्या दिवशी रिकामे. तिसऱ्या दिवशी रिकामे. माशांची डोकी बदलली, जागा बदलल्या. पाणी रोज उतरत होतं, काठाला चिखल उघडा पडत होता, आणि कासवं मात्र पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारून निघून जात होती. मुकादम वाईट माणूस नाही, पण त्याच्याही डोक्यावर कुणी आहे. म्हणाला, ‘मोजपट्टी, परवापर्यंत बघतो. नाहीतर ओढजाळं घालून सगळं एकदम खेचून काढावं लागेल.’ ओढजाळ्यात काय होतं ते तुला सांगायला नको. खाली अडकलेलं कासव वर येईपर्यंत संपतं. त्याला माझं हे नाव कुणी सांगितलं, तेही शिंप्याला विचारायला हवं.

मग मी उकडलेली अंडी आणि थर्मासभर चहा घेऊन काठावरच्या दगडावर जाऊन बसलो. पाणी आता उथळ, तळ दिसत होता. दुपारी एक मोठं कासव आलं. वास घेत घेत गळ्यात शिरलं. डोकं फटीतून आत गेलं. मग पाठीची कड फटीला टेकली. त्याने जोर लावला. ताठ दोऱ्या तसूभर हलल्या नाहीत. बिचारं थोडा वेळ तसंच थांबलं, बंद दारात उभं राहिलेल्या पाहुण्यासारखं, आणि मागे फिरलं. माझ्या दोऱ्या उत्तम होत्या, बाईसाहेब. इतक्या उत्तम की कुणाला आत येता येत नव्हतं.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. तू गेल्यापासून एकही दोरी सैल पडलेली नाही. हवा तीच, दमटपणा तोच, दोरा तोच.

मी एकटाच इतका हसलो की पलीकडचा बगळा उडाला. इतकी वर्षं मी रोज ताणत होतो आणि तू रोज सोडत होतीस. गिऱ्हाईक यायच्या आधी, चहाचं आधण ठेवता ठेवता. ‘जरा ढिलं असू दे’ असं एकदा म्हणाली होतीस, तर मी तुला ताणाचं महत्त्व सांगत बसलो होतो. त्यानंतर तू कधी वाद घातला नाहीस. नुसती हात घालत राहिलीस.

तसाच घरी आलो. तू कपड्यांचे चिमटे ठेवतेस तो जुना पिंजरा मोरीजवळून काढला. तू सैल केलेल्या दोऱ्या मी पुन्हा ताणल्या नव्हत्या असा तेवढा एकच. चिमटे पलंगावर ओतले (अजून तिथेच आहेत, रागावू नकोस) आणि दुसऱ्या दिवशी तोच पाण्यात सोडला. कासवाने डोकं घातलं, पाठ टेकली, जाळं मऊपणे त्याच्या पाठीवरून सरकलं आणि मागे पुन्हा पडद्यासारखं पडलं. संध्याकाळी मुकादमाला हाक मारली तेव्हा पिंजऱ्यात पाठीला पाठ लागली होती, आणि सगळ्यांची नाकं पाण्याबाहेर. तो म्हणाला, ‘काय हात आहे हो तुमचा.’ मी म्हटलं, ‘हा हात माझा नाही. माझ्या बायकोचा आहे, ती सध्या लेकीकडे आहे.’ काठावर बरीच माणसं होती, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं.

मग मी बाकीच्या दोऱ्या सैल केल्या. तुझा पिंजरा समोर ठेवून, पट्टी लावून, प्रत्येक दोरी मोजून. मेळ लागत नाही. डावी उजवीपेक्षा ढिली, खालची वरच्यापेक्षा ढिली, आणि का, ते कळत नाही. तुझी नक्कल केलेले पिंजरे चालले, मुकादमाला ओढजाळं घालावं लागलं नाही, तलाव रिकामा झाला तेव्हा चिखलात एकही कासव उरलं नव्हतं. पण तुझा पिंजरा भरून यायचा आणि माझे अर्धेमुर्धे. मी जगात कुणाकडून काही शिकलो नाही, हे मी किती जणांना ऐकवलंय ते तू मोजलं असशील. आता मला एक गोष्ट कुणाकडून तरी शिकायची आहे.

म्हणून हे पत्र. नदीपलीकडच्या तलावाचंही काम आता आपल्याकडे आलंय. मी कडी वाकवली, जाळी ताणली, डबे बांधले, सगळे पिंजरे दुकानात ओळीने टांगून ठेवलेत. लेकीला सांग, बाबांनी ‘बघू’ म्हटलं होतं, ते बघून झालं. तू विचारलं होतंस ना, तुझ्यावाचून काय अडलंय, तर हे अडलंय. नातीला सोडून निघवत नसेल तर तसं कळव, दुकानाला कुलूप लावून मीच पिंजरे घेऊन तिकडे येतो, तिथे बसून बांधू. पण बांधायचे तूच, आणि मी शेजारी बसून बघायचं. तोवर सगळ्या गळ्यांच्या दोऱ्या नुसत्या लोंबताहेत. येता-जाता हात शिवशिवतात, पण मी एकीलाही हात लावलेला नाही.

तुझाच,
मोजपट्टी