वेणीच्या विणीचा स्वेटर

४ मार्च

पोचलो. दोन बॅगा, मी आणि जाऊबाई.

थोरल्या जाऊबाईंबद्दल या वहीत वाईट लिहायचं नाही असं विमानात बसताना ठरवलं होतं. विमान उडायच्या आत ठराव मोडला! हट्टाने खिडकीची जागा घेतली, पडदा खाली ओढला आणि झोपल्या. उतरल्यावर म्हणतात, "काही दिसलंच नाही गं वाटेत."

वर्षभर या शाळेशी पत्रव्यवहार करत होते. विणकामाची शाळा. दर वेळी जगभरातले पाचच जण घेतात, तेही विणलेल्या कामाचा फोटो बघून. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच नाचले मी. मग घरात बैठक बसली. यांना सुट्टी नाही, लेकीची परीक्षा, मग "ही एकटी कशी जाणार?" अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी! तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "मी जाते की हिच्याबरोबर." सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून.

ज्यांना सुई कशी धरायची ठाऊक नाही, त्या निघाल्या विणकामाच्या शाळेत! आता बारा दिवस एक खोली, एक कपाट आणि त्यांचं घोरणं.

५ मार्च

शाळा म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीलगत बाकं, मध्ये हीटर, खिडक्यांबाहेर ढग. शिकवणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या, काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. मी त्यांना मास्तरीणबाई नाव ठेवलंय. त्यांचं बोलणं आम्हाला समजावून सांगायला एक निवृत्त शिंपी येतो. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे निभतं.

खोलीच्या टोकाला काचेचं कपाट आहे. प्रत्येक वेळच्या पाच जणांमधलं एकच काम त्यात जातं आणि कायम राहतं. खाली चिठ्ठी लावतात: विणणारी कोण, आणि शिकली कुणाकडून. मी आलेय त्या चिठ्ठीसाठी. पहिल्या ओळीत माझं नाव आलं तर बरंच वाटेल, खोटं कशाला बोलू! पण मला हवी आहे ती दुसरी ओळ. आईने आयुष्यभर विणलं आणि तिचं नाव उरलं कुठे, तर रेशनकार्डावर आणि दवाखान्याच्या फाइलवर. ते इथे, काचेआड, नीट अक्षरात लिहिलेलं मला बघायचंय.

जाऊबाई मागच्या बाकावर पेंगत होत्या. शिंप्याने विचारलं, "यापण विणतात का?" म्हटलं, "नाही, या नुसत्या सोबत आहेत." सोबत! सकाळपासून माझा चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता.

६ मार्च

भयंकर राग आलाय. अक्षर वेडंवाकडं येणार.

आज मास्तरीणबाईंनी आमची कामं तपासली. त्यांची रीत अशी की कपडा मांडीवर घ्यायचा, उलटा करायचा, डोळे मिटायचे आणि टाक्यांवरून बोट फिरवायचं. मग विणणाऱ्याबद्दल सांगायचं. पायमोजे विणणाऱ्या दाढीवाल्याला म्हणाल्या, "तू मुळात डावखुरा. लहानपणी मारून मुटकून उजवा केलाय तुला." एवढा मोठा माणूस, डोळे पुसायला लागला!

मग माझा स्वेटर. आईची वेणीची वीण. टाके एकमेकांवरून नेत वेणी सगळेच घालतात, पण आई दर तिसऱ्या पेडाला वेणी उलट फिरवायची. मी आजवर कुठे पाहिली नाही तशी. मास्तरीणबाईंचं बोट पाठीवरून फिरलं. "घट्ट हात. घाईची बाई. दुसऱ्याच्या हाती काम देववत नाही." मागे जाऊबाई खोकल्या.

मग बाह्या. ठीक. मग समोरची बाजू — आणि बोट थांबलं. परत मागे गेलं. शिंपी चाचरत म्हणाला, "त्या विचारतात, समोरची बाजू कुणी विणली?"

"मी!"

"नाही म्हणतात."

"नाही म्हणजे? माझा स्वेटर, माझ्या सुया!"

मास्तरीणबाईंनी मान हलवली. कपाटात एका हाताचंच काम जातं म्हणे. पहिल्यापासूनचा नियम. स्वेटर ठेवून घेतला. "ऊन पडलं की खिडकीशी नेऊन अजून एकदा बघते. नुसत्या बोटाने पुरतं कळत नाही."

सगळ्यांसमोर खोटारडी ठरले मी! एवढ्या लांब येऊन!

७ मार्च

जाऊबाई म्हणतात, "जाऊ दे ना. म्हातारी आहे. दुसरा स्वेटर दे, तो निळा."

निळा! निळ्यात आईची वीण आहे का? म्हटलं, "वहिनी, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर बोलू नका." एरवी एका वाक्याला चार ऐकवणारी बाई, आज उठून चादरींच्या घड्या घालायला लागली. हिला झालंय काय?

८ मार्च

ढग. दिवसभर ढग. इथल्या सूर्याला काय रजा दिलीय का कुणी!

९ मार्च

समोर बसून तीन नमुने विणून दाखवले. मास्तरीणबाईंनी तिन्हींवरून बोट फिरवलं. "बरोबर. पाठ विणणारी हीच." म्हणजे मी माझ्याच विरुद्ध पुरावा दिला! हसावं की रडावं?

सगळं आठवून बघितलं. पाठ आणि समोरची बाजू आई दवाखान्यात जायच्या आधी विणून झाली होती. तिच्यासाठीच चालला होता हा स्वेटर. बाह्यांपुरती लोकर टोपलीत होती. मग सात आठवडे दवाखाना. ऑफिसातली रजा संपलेली, त्यामुळे दिवसा वॉर्डातल्या मावशी आणि संध्याकाळपासून मी. आई गेल्यावर महिन्याने टोपली उघडली आणि बाह्या घेतल्या, तर लोकर कमी पडली. मला! आयुष्यात कधी लोकर कमी पडली नाही मला. दुकानदाराला वाट्टेल ते बोलून आले. बाह्या झाल्या, सगळं जोडलं. जोडताना डोळ्यांना धार लागलेली. पण म्हणून स्वतःचे टाके ओळखू येणार नाहीत? झोपेत ओळखीन मी.

आता दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. त्या सात आठवड्यांत जाऊबाई एकदाही फिरकल्या नाहीत. एक घर आमचं, त्या वर, आम्ही खाली. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं. भाऊजी आले, शेजारी आले, ऑफिसातला शिपाईसुद्धा येऊन गेला. ही बाई नाही! आई रोज त्यांची चौकशी करायची, "बरी आहे ना गं तुझी जाऊ?" आणि मी दात-ओठ खात "हो" म्हणायची. नंतर मावशी म्हणाल्या, "आजींच्या दुपारी अगदी हसण्यात जायच्या हो." शेजारच्या खाटेवरची म्हातारी बोलकी होती, तिचे उपकार. घरची माणसं राहिली घरात.

हे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलणारही नाही. पण विसरणारही नाही.

१० मार्च

लोकरीच्या गिरणीत नेलं. पिंजणं, धुणं, रंगवणं, सगळं दाखवलं. मी टिपणं काढत होते आणि जाऊबाई रंगवणाऱ्या बाईशी चक्क मराठीत बोलत होत्या! ती तिच्या भाषेत, या आपल्या. पाऊण तास. निघताना दोघी गळ्यात पडल्या. शेवटी मला विचारतात, "काय म्हणत होती गं ती?"

गरम पाण्याच्या हौदापाशी मात्र एकदम पांढऱ्या पडल्या. तिथला माणूस सांगत होता, लोकर उकळत्या पाण्यात गेली की आक्रसते, मग देव आला तरी सुटत नाही. "मला बाहेर जायचंय," म्हणाल्या आणि पळाल्या. वाफ सोसली नाही वाटतं.

११ मार्च

सुचत नाहीये, पण लिहिते.

दुपारी खोलीवर नमुना विणत होते. वैतागात एक टाका सुटला आणि चार ओळी खाली घसरला. तसाच टाकला पलंगावर आणि खाली चहा प्यायला गेले. येऊन बघते तर टाका जागेवर! वर उचलून, सुईवर घेऊन, नीट. आणि शेजारी केसांचा आकडा पडलेला.

आकड्याने गळलेला टाका उचलायची पद्धत आईची. मीसुद्धा तसा उचलत नाही, मला क्रोशाची सुई लागते.

खोलीत एकच माणूस होतं. केस मोकळे सोडून खिडकीबाहेर बघत बसलेलं.

"वहिनी, तुम्हाला विणता येतं?"

त्यांनी आकडा उचलून केसांत खोचला.

"कधीपासून?"

"सांगते," म्हणाल्या. "आत्ता नको. उद्या सांगते." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसल्या.

१२ मार्च

सांगितलं.

मी दवाखान्यात असताना खालचे कपडे त्याच धूत होत्या. पहिल्याच आठवड्यात टोपलीतली समोरची बाजू चादरीत गुंडाळली जाऊन गरम पाण्यात गेली. बाहेर आली ती पायपुसण्याएवढी आणि पायपुसण्यासारखी. "तुला कोणत्या तोंडाने सांगू? तू आईपाशी. म्हटलं, तू बघायच्या आत नवी करून ठेवावी." म्हणून शिकल्या. म्हणून बाह्यांची लोकर संपली. अकरा वेळा उसवली म्हणे. मग जुनी नेऊन पुरली कुंडीत! कुंडीत! कढीपत्त्याच्या!

"शिकलात कुणाकडून?"

"एकीकडून. बाहेर."

मी पलंगावरून उठले. सगळं जे वर्षभर दाबून ठेवलं होतं, ते बाहेर पडलं. म्हटलं, "म्हणजे सात आठवडे तुम्ही यात होतात? माझी आई तिथे मरत होती, रोज तुमची चौकशी करत होती, आणि तुम्ही घरात बसून लोकर गुंडाळत होतात? एका स्वेटरपायी तिला भेटायलासुद्धा आला नाहीत?"

वाटलं, आता तरी काही बोलतील. भांडतील, रडतील. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग पलंगावरचे माझे नमुने एकावर एक रचायला लागल्या.

१३ मार्च

बोलणं बंद. कपाटाचे दोन भाग केलेत, मध्ये टॉवेल टांगला.

१४ मार्च

मास्तरीणबाईंपाशी गेले आणि शिंप्यामार्फत सांगून टाकलं, तुम्ही बरोबर होतात, समोरची बाजू माझ्या जावेची. स्वेटर कपाटात ठेवू नका. आईचं नाव गेलं. पायपुसण्यापायी गेलं.

त्यांनी विचारलं, "कोणती जाऊ? ती मागे झोपते ती?" मी मान डोलावली. म्हातारी चक्क हसली. "चांगला हात आहे. तुझ्यापेक्षा सैल, पण न कंटाळणारा." हेही ऐकायचं होतं मला! मग म्हणाल्या, "स्वेटर उद्या देते. गळ्यापाशी अजून काहीतरी आहे."

कपाटात दाढीवाल्याचे पायमोजे जाणार. सुंदर आहेत, त्यात काही शंका नाही.

१५ मार्च

शेवटचा दिवस. सकाळी ऊन पडलं.

मास्तरीणबाईंनी स्वेटर खिडकीशी नेला. मी एका बाजूला, जाऊबाई दुसऱ्या, मध्ये शिंपी. बोट समोरच्या बाजूवरून वर वर गेलं आणि गळ्याखाली थांबलं. "या वरच्या बारा ओळी," शिंपी सांगू लागला, "दोघींच्याही नाहीत. तिसरा हात. म्हातारा, पण या विणीत मुरलेला. वेणी उलटी फिरते तिथे जरासुद्धा अडखळलेला नाही. फक्त टाके एका बाजूला कललेत. त्या म्हणतात, विणणारीचं डावं मनगट वाकत नसणार."

आईच्या डाव्या मनगटात सात आठवडे सलाइनची सुई होती. मनगट वाकू नये म्हणून खाली फळीचा तुकडा बांधला होता.

मी जाऊबाईंकडे बघितलं.

"तुला सांगायलाच दवाखान्यात आले होते गं, बाजू आक्रसली त्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "तू ऑफिसला गेली होतीस. आई म्हणाल्या, तिला नको सांगू, रोज दुपारी येत जा, मी शिकवते. शपथ घातली. सगळं जमलं, पण गळ्याशी काही केल्या जमेना. म्हणाल्या, आण इकडे."