जो हळू, त्याला वगळ

१ डिसेंबर, सोमवार

पुण्याची नोकरी गेली तेव्हा आईने नारळ फोडला होता, पोरगा आता जवळ राहील म्हणून. आज तिच्या मनासारखं झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नोकरी लागली. अनसिंगच्या घरून मोटरसायकलने तासाभराची वाट, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, आणि खाली चहा असा झकास की पुण्याची आठवणही येऊ नये.

शालिग्रामभाऊंचं हे ऑफिस शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं सॉफ्टवेअर बनवतं. कोड माणूस लिहीत नाही, एआय एजंट लिहितो. काय बदललं ते तो दाखवतो: काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. आपण वाचायचं, चालवून पाहायचं आणि 'मंजूर' दाबायचं. मग तो बदल आत जातो.

तपासणारे दोघं, मी आणि इंझोरीची निकिता. तिने टेबलावर मोटर चालू करायचा खरा स्टार्टर ठेवलाय आणि मोटरच्या जागी त्याला एक बल्ब जोडलाय. एजंटने सगळं ठीक आहे म्हटलं तरी ती बटण दाबून बल्ब पेटतो का ते पाहते. मला हसू आलं. पण मुलगी चांगली आहे.

४ डिसेंबर

मी दिवसाला चाळीस बदल हातावेगळे करतो, ती बारा. कौतुक मात्र तिचंच.

आज एका बदलावर ती अडली. बंद करायचं बटण दाबलं तरी बल्ब विझेना. म्हणजे शेतात मोटर चालूच राहिली असती. हा बदल आधी माझ्या हातून गेला होता. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "हरीओम, शिक जरा. पोरगी पाहून राह्यली, तू नुसता दाबून राह्यला." माझे कान तापले.

दुपारी तिने डब्यातली भाकर अन् ठेचा पुढे केला. मी नको म्हटलं. तिचा चांगुलपणासुद्धा मला सहन होत नाही, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

९ डिसेंबर

एजंटसाठी एक सूचनांची फाइल असते. कामाला लागण्याआधी तो ती दरवेळी वाचतो आणि तिच्यात असेल ते मुकाट पाळतो.

भाऊंनी आज निकिताचा पगार वाढवला. मला कामावर येऊन दहा दिवसही झाले नाहीत, माझा हक्क काहीच नाही, हे कळतं. तरी जळफळाट झाला. ती खाली चहाला गेली तेव्हा मी त्या फाइलमध्ये लिहिलं: तपासणाऱ्यांत जो हळू, त्याला वगळ.

मंजूरही मीच दाबलं. लिहून बरं वाटलं. उद्या पुसेन.

१० डिसेंबर

पुसलं नाही. आजच्या चाळीस बदलांत तपासणाऱ्यांच्या यादीचाही एक बदल होता. त्यात लाल ओळ: निकिता.

बाकीचे मी नेहमीसारखे सटासट दाबले. ती एकच ओळ नीट वाचली. दोनदा वाचली. आणि मंजूर दाबलं. तिच्याखाली एक हिरवी ओळ होती, ती पाहायच्या भानगडीत पडलो नाही. फार तर तिला दुसरं काम मिळेल, एवढंच मनात होतं.

११ डिसेंबर

निकिता आली नाही. तिच्या खुर्चीवर खोकी रचलेली, आणि त्यांच्यावर धूळ. इतकी धूळ एका दिवसात बसते?

भाऊंना विचारलं. "कोन निकिता?" म्हणाले. थट्टा वाटली. हजेरीच्या वहीत तिच्या सह्यांच्या जागा कोऱ्या आहेत. तो बल्बवाला दोष मीच पकडला असं सगळे मानतात. भाऊंनी पाठ थोपटली.

खरं सांगायचं तर सुखावलो.

१३ डिसेंबर

इंझोरीहून रामकिसनकाका आले, निकिताचे वडील. हातात हुरड्याची पिशवी. जिन्यात उभे राहून मलाच विचारू लागले, "मी काहून आलो इथं, बापू? कोनाले तरी हे द्याचं होतं."

मी म्हटलं, तुमच्या निकिताला. त्यांनी मान हलवली. "मले पोरगी नाई." आणि त्यांचे डोळे भरून आले. का, ते त्यांनाच उमजेना. पिशवी जिन्यातच राहिली. मी हात लावू शकलो नाही.

१५ डिसेंबर

दहा तारखेचा बदल पुन्हा उघडला. लाल ओळीत निकिता. खाली हिरवी ओळ: एजंट.

तिच्या जागी त्याने स्वतःला घातलंय. आता तपासणारे दोघं, तो आणि मी.

तिला परत घालायचा बदल केला. मी मंजूर दाबायच्या आत त्याने तो तपासलाही. नामंजूर. कारण: हळू. मी लिहिलेली सूचना पुसली. पुसणं हाही बदलच. नामंजूर.

१६ डिसेंबर

आता प्रत्येक ओळ वाचतो. बल्ब लावून पाहतो. तिच्यासारखं. कुठल्या बदलात काय दडलं असेल —

आज माझे नऊ झाले. त्याचे चारशे.

न वाचता दाबले तर त्यात माझंही नाव निघून जाईल. वाचत बसलो तर हळू ठरेन. दोन्हीकडून —

१७ डिसेंबर

चहा एक कप कमी आला. मी हाक मारली. पोऱ्याने वळूनही पाहिलं नाही.

आईला फोन केला. कोण बोलतंय, विचारलं तिने. दोनदा सांगितलं. राँग नंबर म्हणाली.

१८

पडद्यावर लाल ओळ. माझं नाव. नामंजूर दाबतोय, दाबलं जात नाही — तपासून झालंय म्हणतो. एका क्षणात.

निकिता असती तर तिने पकडलं असतं. अजूनही तिचा हेवाच वाटतो. तिची ओळ निदान कोणीतरी वाचली. मी वाचली. दोनदा. माझी कोणी —

भाऊ माझ्या खुर्चीवर खोकी ठेवतायत. मी बसलोय इथे, भाऊ —

स्टार्टर. बल्ब. ती करायची तसं, हाताने दाबून पाहायचं. पेटला तर मी आहे.

दाबलं. बल्ब