पिठाच्या बैलाला घाम

माय, तुला वाचता येत नव्हते आणि तू जाऊनही आता चाळीस वर्षे होऊन गेली. तरी हे तुलाच लिहितो आहे. घरात जिला हे सांगायला हवे तिच्यापुढे माझे तोंड उघडत नाही, आणि बाहेर कोणाला सांगण्याची माझी तयारी नाही. मी पुस्तकातल्यासारखे बोलतो म्हणून तू हसायचीस. "याच्या जिभेवर मास्तर बसला हाये," असे शेजारणींना सांगायचीस, आणि त्यात थोडा अभिमानही असायचा, हे मला तेव्हाही कळत होते. आपल्या घरातला चौथी पास झालेला मी पहिला. त्या चौथीच्या बळावर नांदुऱ्याच्या धान्यबाजारात मापारी झालो आणि म्हातारा होईपर्यंत काट्यापाशी उभा राहिलो. ज्वारी असो, तूर असो, माझ्या मापाकडे कोणी बोट दाखवले नाही. दोन व्यापारी भांडले तर तिसरा म्हणे, म्हाताऱ्याला बोलवा, त्याने मोजले की वाद संपला. हे मी फुशारकीने लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते यावाचून समजणार नाही.

ज्याला तू पाळण्यात पाहिलेस तो माझा मुलगा गेल्या वर्षी आषाढात गेला. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आपल्या विहिरीचे पाणी तुला आठवत असेल. चहासुद्धा खारट लागायचा आणि आपण तो तसाच प्यायचो. आता ते पाणी कोणी पीत नाही, पण हे दुखणे आपल्या भागात पुष्कळ घरांत शिरले आहे. आठवड्यातून दोनदा सून त्याला पहाटेच्या गाडीने अकोल्याला नेत असे. तिथे यंत्रावर त्याचे रक्त शुद्ध करीत. डॉक्टरांनी पाणी पेल्याने मोजून द्यायला सांगितले होते आणि मिठावर तर फारच कडक बंधन घातले होते. मोजण्याचे काम निघाले म्हणताना मी ते आपल्याकडे घेतले. दर रविवारी लहान तराजू काढून बसायचो, मिठाच्या सात पुड्या बांधायचो आणि प्रत्येकीवर वार लिहायचो. सून त्याच्यापुरते वेगळे शिजवी आणि त्या दिवसाची पुडी त्यात टाकी. पुडी इतकी लहान असे की तिचा आवाजही होत नसे.

पहिले काही महिने त्याने मुकाट्याने खाल्ले. मग एके दुपारी सून अंगणवाडीत कामाला गेलेली, मुले शाळेत, आणि मी त्याला जेवायला वाढतो आहे. तो पिठल्याकडे पाहतो, भाकरीचा तुकडा बुडवतो आणि तसाच ठेवून देतो. "बाबा, तोंडात माती घोळल्यावानी लागते," तो म्हणतो. मी त्याला डॉक्टरांचे सांगणे पुन्हा ऐकवतो. तो हसतो. आजारातही त्याचे हसणे गेले नव्हते. "साऱ्या मार्केटचं मोजलं तुमी. माह्याच ताटात तुमचा काटा काऊन येते? चिमटीभर द्या. कोनाले समजते?" मी उठलो, फडताळातून मीठ घेतले आणि त्याच्या ताटात टाकले. त्याने तो घास खाल्ला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी बाजारातून खाऊ आणल्यावर व्हायचा तसा झाला. त्यानंतर मी बंडीच्या खिशात मिठाची एक वेगळी पुडी ठेवू लागलो. ती मी कधी तराजूत टाकली नाही. सून घरी नसली की तो माझ्या खिशाकडे पाही आणि मी हात घाली. अर्धा उन्हाळा हे चालले.

वैशाखात त्याचे पाय आणि तोंड सुजले. अकोल्याला त्या खेपेस मीही गेलो होतो. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि विचारले, घरात मीठ कोण टाकते? आवाज चढवून नाही, सरळ विचारले. सून म्हणाली, "मी." आता बोलायचे असते तर ती वेळ होती, माय. मी बोललोही. खुर्चीत ताठ बसून म्हणालो, "पुड्या मी स्वतः मोजतो. मापात चूक होणार नाही." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मला उघडे पाडणे त्याला जमले नाही.  परतीच्या गाडीत सून खिडकीशी बसली होती आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळून सोडीत होती. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती रिकाम्या पुडीचा कागद माझ्यापुढे धरू लागली. "पाहा मामाजी, आजची एकच टाकली." मी कागदावरचा वार वाचून मान हलवायचो. खिशातली पुडी मी त्याच दिवशी फेकून दिली होती. पण ही गोष्ट तिला कशी कळावी? ती आपली कागद दाखवीत राहिली, तो जाईपर्यंत.

मिठानेच तो गेला असे मी म्हणत नाही. म्हणण्याइतके मला कळत नाही. डॉक्टरांना मी विचारलेही नाही. विचारले असते तर कदाचित त्यांनी माझे ओझे हलके केले असते, कदाचित नसते केले. पण सुनेने मात्र उत्तर ठरवून टाकले आहे. आपल्याच हाताने कधी तरी जास्त पडले असेल, असे ती धरून चालली आहे. तेव्हापासून ती स्वयंपाक चाखून पाहत नाही. रोज वाढते आणि ताटाशी उभी राहून मला विचारते, "मामाजी, मीठ बरोबर हाये का?" कधी फार कमी असते, कधी तोंड भाजेल इतके. मी म्हणतो, "बरोबर आहे."

गेल्या वर्षी आपल्याकडे दिवाळी नव्हती. या वर्षी नातीने शाळेतून एक कृती लिहून आणली. ती पाचवीत आहे, तिचा भाऊ पहिलीत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी. कणकेसारखे मळायचे, लाटून त्याचे दिवे, पक्षी, चांदण्या कापायच्या, दोऱ्यासाठी वर भोक ठेवायचे, उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचे, रंगवायचे आणि दारावर टांगायचे. "आबा, बाईंनं सांगितलं का मीठ असलं म्हंजे ते सडत नाही," ती म्हणाली. हे मला तिच्या बाईंच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. कोठून, ते तुला माहीत आहे. दुकानातून मी मिठाचा पुडा आणला आणि परातीत ओतला. इतके मीठ या घरात एका जागी कित्येक दिवसांत कोणी पाहिले नव्हते.

मी लहान आहे, तू तुझ्या चुलीपाशी बसली आहेस आणि पोळा परवावर आला आहे. पुरणपोळीसाठी म्हणून आणलेले गव्हाचे पीठ डब्यात आहे. वर्षातून दोन-तीनदाच ते आपल्या घरात येई. आपल्या काळ्या मातीचे बैल वाळताना तडकत. कोणाचे शिंग पडे, कोणाचा पाय. त्या वर्षी डब्यातले पीठ एक वाटी कमी भरले. घरात दिवसभर ताईच होती, पीठही तिनेच चाळले होते. तू तिला फुंकणीने मारलेस. ती रडली नाही, नुसती "म्या नाही घेतलं" म्हणत राहिली, आणि मी ओसरीवर पाढे म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी तुला कडब्याच्या गंजीत मीठ-पिठाचा एक बैल सापडला. पांढरा, गुळगुळीत, कोठेही न तडकलेला.  पोळ्याच्या दिवशी पाटावर मातीच्या बैलांच्या पुढे तो मांडलास आणि कुंकवाचा करंडा आमच्या दोघांच्या मधे ठेवलास. "ज्यानं केला त्यानं कुंकू लावावं. मले घाई नाही." मी पाटाच्या कडेकडे पाहत राहिलो.  मग ताई पुढे झाली आणि तिने कुंकू लावले. तिच्या दंडावर वळ होता. तू तिला जवळ घेतलेस आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलेस.

तो बैल तू फेकला नाहीस. मिठाच्या बरणीशेजारी कोनाड्यात ठेवलास. दर पावसाळ्यात त्याला पाणी सुटे. तू पदराने पुसायचीस आणि मी जेवायला बसलेला असताना म्हणायचीस, "याले घाम फुटते, पन हा बोलत नाही." ताई हसायची. मीही हसायचो. ताईला डोणगावला दिली, ती तिथेच वारली. तू गेलीस तेव्हा कोनाडा रिकामा करताना बैलाचे नुसते धड सापडले, मीठ झडून खडबडीत झालेले. मी ते नदीत सोडले आणि वाटले, संपले.

तर त्या दिवशी आम्ही तिघे परातीभोवती बसलो होतो. नातवाने एक पक्षी केला. बहीण म्हणाली, हे कोंबडं हाये का वांगं? तो रुसला. मी त्याला बैल करून दिला. पंचाहत्तरी उलटलेले हात, पण वशिंड, शिंगे, वेसण, सगळे बोटांना आठवत होते. तेवढ्यात सून अंगणवाडीतून आली. दारातच थांबली. परातीकडे पाहत उभी राहिली. मला वाटले ती आत निघून जाईल. पण तिने हात धुतले, आमच्याजवळ बसली आणि उरलेला गोळा मळून त्याचा दिवा करू लागली. मुले भोके पाडण्यात गुंतली होती. तिने वर न पाहता विचारले, "मामाजी, एवढं मीठ तं मी त्यांले सालभरात देल्लं नसन. मंग डॉक्टर काऊन म्हनत होते का जास्त होऊन राह्यलं?"

तिने आरोप केला नाही. तिला खरोखर माझ्याकडून उत्तर हवे होते, कारण या घरात मापातले मला कळते. तिच्या कोपरापर्यंत पीठ लागले होते आणि ती वाट पाहत होती, तू पाटाशी पाहिलीस तशी. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, हे मी तुला शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "कडा ओल्या बोटाने सारख्या कर. नाहीतर भेग पडते." ती "हाव" म्हणाली आणि कडा सारख्या करू लागली.

दिवाळीत त्या वस्तू दारावर टांगल्या. येणारे-जाणारे थांबून पाहत, बैल कोणी केला म्हणून विचारीत. नातू अभिमानाने माझे नाव सांगे. आता दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. परवापासून अवकाळी ढग आले आहेत, हवा ओली झाली आहे. काल जेवताना नातू दारातून ओरडला, "आबा, बैलाले घाम आला!" सून उठली, तिने बैल दोऱ्यासकट खाली काढला, पदराने पुसला आणि कोरड्या जागी ठेवायचा म्हणून इकडेतिकडे पाहिले. मग मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. तिला तुझे काहीच ठाऊक नाही, माय. तिला दुसरी जागा सापडली नाही एवढेच. परत येऊन तिने माझ्या ताटाशी उभे राहून विचारले, मीठ बरोबर हाये का? वरण अळणी होते. मी बरोबर आहे म्हणालो आणि संपवले.

आज ती कामावर गेल्यावर मी हे लिहायला बसलो. लिहून झाले की तिच्या हाती द्यावे, असे सुरुवातीला मनात होते. आता इतके लिहून झाल्यावर दिसते की ते माझ्याने होणार नाही. तिने मला क्षमा केली तर मी तिच्यासमोर कसा बसू, आणि नाही केली तर मुलांना घेऊन माहेरी जाईल. घरात मी आणि तराजू राहू. या वयात मला दोन्हींची भीती वाटते. तेव्हा ती स्वतःला दोष देत स्वयंपाक करील आणि मी बरोबर आहे म्हणत जेवीन, माझा शेवट होईपर्यंत. हे कागद घडी करून तराजूच्या पेटीत तळाशी ठेवीन. त्या पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

पण बैल बरणीपाशी बसला आहे आणि येथून दिसतो. निदान जे तू विचारले होतेस ते तरी लिहितो. पोळ्याचे गव्हाचे पीठ ताईने घेतले नव्हते. मी घेतले होते, वाटीभर, वर चढलेली शीग न काढता.