पिस्तूल, मूठ आणि भडकमकर

मी, सरोजिनी माधव टिपणीस, वय वर्षे बहात्तर, निवृत्त अकाउंटंट, राहणार बिशान, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, रागाच्या भरात केलेली दोन्ही धरून.

एक. बिशानचा फ्लॅट माझा मुलगा रुचिर याला. सरकारी नियमात बसत असेल तर राहा, नसेल तर विकून टाक. पण देवघराच्या भिंतीला तो फिकट राखाडी रंग लावलास तर मी परत येईन. बँकेतली शिल्लकही त्याचीच.

दोन. माझ्या पाटल्या सून मेधा हिला. मेधा, तू काल प्रेमाने म्हणालीस, "आई, साक्षीदार म्हणून मी सही करते की!" अगं बाई, पेन खाली ठेव. इथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काहीही मिळत नाही, त्याच्या जोडीदारालाही नाही. तू सही केलीस तर तुझ्या पाटल्या जातील आणि रुचिरचा फ्लॅटही. हा नियम मला भडकमकरांनी सांगितला. त्यांचं पुढे येईलच.

तीन. तळाला पोचा आलेलं पितळी पातेलं पुण्याला माझा भाऊ रवींद्र याच्याकडे पाठवावं. त्याच पातेल्यापायी मी गुन्हेगार झाले. २०१० च्या दिवाळीत या शहाण्याने फराळाच्या डब्यात चकल्यांखाली लवंगी फटाक्यांची माळ दडवून पाठवली. इथे फटाक्यांना बंदी आहे हे मला ठाऊक होतं. पण लक्ष्मीपूजन झालं, आणि बाहेर नुसती शांतता! मला राहवेना. म्हटलं, पातेल्याखाली लावली तर आवाज कितीसा होणार? कॉरिडॉरमध्ये माळ ठेवली, वर पातेलं उपडं घातलं आणि वात पेटवली. अहो, समोरच्या ब्लॉकमधली माणसं बाहेर आली!

त्या समोरच्या ब्लॉकमध्ये श्री. हेमचंद्र भडकमकर राहतात. आमच्याच शूटिंग क्लबचे सभासद, बँकेत नियम तपासण्यात हयात घालवलेले. त्यांनी पोलिसांना फोन करून काय सांगावं? गोळीबार! नेमबाज म्हणवणाऱ्या माणसाला पिस्तूल आणि लवंगी यातला फरक कळू नये? ते म्हणतात, "मला तुमची काळजी वाटली, सरोजिनीबाई." काळजी म्हणे! कोर्टात मला दंड झाला. पातेलं पुरावा म्हणून गेलं आणि चिठ्ठी लावून परत आलं. त्या चिठ्ठीसकट पाठवावं.

चार. आता माझं एअर पिस्तूल. पुण्यात लोक त्याला खेळणं म्हणतील. इथे त्यालाही लायसन्स लागतं आणि ते क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहतं. माझे यजमान गेल्यावर मी घरात वेड्यासारखी भिंती बघत बसायचे. त्या पिस्तुलाने मला बाहेर काढलं. हात स्थिर ठेवायचा तर रडता येत नाही.

दंड झाल्यावर लायसन्स गेलं. लायसन्स असलेल्या कुणाच्या तरी नावावर पिस्तूल करणं भाग होतं, आणि पुढे कोण आलं? भडकमकर. ते पडले डावखुरे. त्यांनी माझी अक्रोडाची उजव्या हाताची मूठ काढली, डाव्या हाताची बसवली आणि त्याच पिस्तुलावर क्लबचा चषक मारला. मी बाकावर बसून बघत होते. टाळ्याही वाजवल्या, मेलं काय करणार!

पाच वर्षं नीट वागलं की असा किरकोळ गुन्हा इथे पुसला गेल्यासारखा धरतात. माझाही पुसला गेला. कुणी विचारलं, "शिक्षा झाली होती का?" तर "नाही" म्हणायची मुभा मिळाली. मला वाटलं, आता पिस्तूल माझ्या हक्काचं. कुठलं काय! नोकरीच्या अर्जात चालतं ते शस्त्राच्या लायसन्सला चालत नाही. ते देणं पोलिसांच्या मर्जीवर. पहिला अर्ज फेटाळला. दुसऱ्या वेळी एका पोरगेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आंटी, युवर एज, व्हाय स्टिल वॉन्ट पिस्टल?" मी म्हटलं, "माय हँड इज स्टिल स्टेडी. यू वॉन्ट टू सी?" तो घाईघाईने नको म्हणाला.

माझ्या वर्तणुकीची हमी देणारा क्लबचा सभासद हवा होता. गोड बोलणारे सगळे पांगले. हमी दिली ती भडकमकरांनी. याला मी उपकार मानत नाही. पिस्तूल वापरल्याचं भाडं फेडलं म्हणते. पण लायसन्स मिळालं ते त्यामुळेच, हेही लिहून ठेवते. पिस्तूल त्यांनी लगेच परत केलं. अक्रोडाची मूठ मात्र "सापडत नाही" म्हणाले. आजतागायत सापडलेली नाही.

आता ते दर रविवारी म्हणतात, "तुमच्यानंतर ते मला द्या." आणि माझी नात जाई इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आजी, अंकल ऑलरेडी हॅज थ्री, लाह!" जाई माझ्यासारखीच उजव्या हाताची. पुढल्या वर्षी निवड चाचणीला उतरणार आहे, आणि अजून क्लबच्या सामायिक पिस्तुलावर सराव करते. तिच्याकडे ते जावं म्हणून माझा जीव तुटतो. पण त्यांनी ते सांभाळलं नसतं तर आज द्यायला माझ्याकडे काही नसतं. न्याय म्हणजे न्याय.

म्हणून लिहिते: पिस्तूल श्री. हेमचंद्र भडकमकर यांना द्यावं. कोणत्याही कारणाने ते त्यांना घेता आलं नाही, तर जाईला. लायसन्स ज्याचं त्याने काढावं.

पाच. जाई, बाळा, नेम धरताना जीभ बाहेर काढतेस ती आत घे. माझी मराठी पुस्तकं तुलाच. निदान धूळ झटकताना तरी नावं वाचशील.

सहा. आज साक्षीदार म्हणून शेजारच्या मिसेस गोह यांना आणि भडकमकरांना बोलावलं आहे. मिसेस गोहना मराठी येत नाही, ते बरंच आहे. भडकमकरांना येते, आणि दुसऱ्या कलमातला नियम तर तेच मला शिकवून गेले. मी कागद त्यांच्यापुढे ठेवीन, पेन देईन आणि गप्प बसेन. गप्प बसणं मला किती जड जाईल, ते देवालाच ठाऊक. त्यांनी सही केली नाही तर मिस्टर गोह बाहेर बसले आहेत, ते करतील. मी भडकमकरांना एका शब्दानेही बोलणार नाही.

येणेप्रमाणे सारं माझ्या मर्जीने लिहिलं. खालची सही दोघांच्या देखत केली आणि त्या दोघांनी माझ्या देखत.

सरोजिनी माधव टिपणीस

बिशान, सिंगापूर
लक्ष्मीपूजन, ७ नोव्हेंबर २०१८

साक्षीदार:

१. गोह सिऊ लान

२. हेमचंद्र भडकमकर
(चौथं कलम वाचलं. नियम माहीत आहे. मूठ आज सकाळीच जाईला दिली. हे. भ.)