डबीवर लिहिलंय ‘पित्त’

१६ एप्रिल, बुधवार

पुतण्याच्या, निखिलच्या लग्नाला अकरा दिवस. वऱ्हाड सिरोंच्याला. शनिवारी (२६) सकाळी मूलहून बस, रविवारी लग्न, सोमवारी परत.

गोळ्यांचा हिशोब मांडून बसले. ह्यांचा नियम: जितक्या रात्री त्याच्या दुप्पट, वर सहा. निम्म्या पर्समध्ये, निम्म्या बॅगेत. एक हरवलं तरी दुसरं हाताशी. म्हणजे पाच आणि पाच.

हे गेल्यापासून कुठे मुक्कामाला गेलेच नाही. गोळ्या भरायचं काम ह्यांचं. मी साड्या भरायचे.

१८ एप्रिल, शुक्रवार

चंद्रपूरला जाऊन गोळ्या आणल्या. मूलमध्ये मिळतात, पण मेडिकलवाला भाऊजींच्या, निखिलच्या वडिलांच्या ओळखीचा. चिठ्ठीवर नाव वाचेल, मग चौकशी करेल. छत्तीस वर्षं चंद्रपूरच.

डॉक्टर म्हणाले, प्रवासात पाकिटातच राहू द्या, सोबत माझी चिठ्ठी ठेवा. मी मान हलवली. पाकिटावर नाव छापलेलं असतं. कुणीही मोबाइलवर बघू शकतं हल्ली, फिनोबार्बिटोन कशासाठी देतात ते.

बसमधून येताना माझ्या शाळेची, कॉन्व्हेंटची भिंत दिसली. गुलमोहर तोडलेला. नववीत होते, सकाळच्या प्रार्थनेत पडले. जागी झाले तेव्हा डोकं सिस्टर बेनेडिक्टांच्या मांडीवर. पांढऱ्या झग्याला निळीचा वास. त्यानंतर रोज संध्याकाळी दुधाचा पेला आणि गोळी. मुलींना सांगायच्या, ही अशक्त आहे. मला एकटीला म्हणाल्या, “प्रार्थना विसरलीस तर मी बघून घेईन. गोळी विसरू नकोस.”

२० एप्रिल, रविवार

कपाटातून काळी डबी काढली. कॅमेऱ्याच्या रोलची, राखाडी झाकणाची. वर ह्यांच्या अक्षरात चिकटपट्टी: ‘पित्त. रात्री १’. शाई फिकी झालीय. दुसरी पट्टी लावता येईल, पण हात होत नाही.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात परसात धान पाखडताना फिट आली. घरात हे एकटेच. माझ्या आईबाबांनी सांगितलं नव्हतं. मीही नाही. वाटलं, आता माहेरी. दुसऱ्या दिवशी हे बाहेरून आले ते ही डबी घेऊन. सासूबाईंना म्हणाले, हिला पित्त आहे, तिखट देत जाऊ नका.

झालं. तेव्हापासून या घरात मी पित्तवाली. लग्न असो, बारसं असो, सगळ्यांच्या ताटात लाल तर्री, माझ्या ताटात वरण-भात. हे कधीतरी चंद्रपूरला नेऊन झणझणीत मटण खाऊ घालायचे. नाक पुसत पुसत खायचे मी, हे हसायचे.

समीरलाही आम्ही सांगितलं नाही. पोटच्या पोराला. पुण्याहून त्याला रजा नाही, तो येणार नाही लग्नाला. बरंच.

२३ एप्रिल, बुधवार

सुमनताईंकडे गेले, मदतीला. माझ्या मोठ्या जाऊ, नवरदेवाच्या आई. घरभर साड्या. मधोमध सासूबाईंचं पितळी पानदान उघडून बसलेल्या. आता त्यात पान-सुपारी नसते, घरातल्या म्हाताऱ्यांची औषधं असतात. भाऊजींच्या बीपीच्या गोळ्या एका लग्नात घरी राहिल्या, तेव्हापासून हा नियम. प्रवासाला निघालं की सगळ्यांची औषधं पानदानात, किल्ली सु.ताईंच्या कमरेला, आणि जेवण झालं की हाका.

“शालू, तुही डबी?”

“माझी पर्समध्ये राहील ताई. एकच तर गोळी.”

“एकच तं काऊन लपवून राह्यली? सोन्याची हाये का?” सगळ्या हसल्या. “पर्स हरवते, पानदान हरवत नाई. दे.”

पूर्वी हे द्यायचे डबी, हसत, “घ्या वहिनी, हिची इस्टेट.” मला तसं जमलं नाही. दिली. अजून कात आणि लवंगेचा वास येतो त्या कप्प्यांना.

मन लागत नाही. घरी येऊन पर्समधल्या पाच पुन्हा पुन्हा मोजल्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

आरमोरीची ती मुलगी सारखी आठवते. गेल्या वर्षी निखिलसाठी बघायला गेलो होतो. एम.एस्सी., हसरी. चहा झाला, बोलणं जवळपास ठरलं. मग कुणीतरी सु.ताईंच्या कानात सांगितलं की लहानपणी तिला झटके यायचे.

परत येताना गाडीत सु.ताई म्हणाल्या, “पोरगी चांगली हाये. पण डोळे उघडे ठेवून विहिरीत कोण उडी मारंल?” मग मला, “काऊन शालू, बरोबर ना?”

मी खिडकीबाहेर बघत होते. हं म्हणाले.

२६ एप्रिल, शनिवार. सिरोंचा

पोचलो. आठ तास. आलापल्लीच्या पुढे रस्ता म्हणजे… कंबर राहिली नाही. जंगलात मोहाचा वास दाटलेला, सगळ्या खिडक्या उघड्या. सु.ताईंनी वाटभर पुऱ्या आणि मिरचीचं लोणचं वाटलं, स्वतः सगळ्यांत जास्त खाल्लं. आनंदात आहेत.

शाळेत उतरवलंय. मुलीकडचे लोक फार मायेचे, निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. नवरी अनुषा येऊन पाया पडली.

जेवण लवकर झालं. पानदान उघडलं. “शालू, पित्त!” अख्ख्या व्हरांड्यात. घेतली. अंग दुखतंय, पडते.

२७ एप्रिल, रविवार

क्रमाने लिहिते.

सकाळी सु.ताई उठेनात. भाऊजी हाका मारतायत, “सुमन, ऊठ वं, पोराचं लगन हाये आज.” डोळे अर्धे उघडले, जीभ जड, शब्द लागेनात. धरून उभं केलं तर पाय लटपटले. कुणी म्हणालं लकवा. कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. निखिल हळदीच्या कपड्यांत धावत आला.

भाऊजी रडकुंडीला. “काल तं चांगली होती. गॅस झाला म्हणे, म्हणून शालूच्या डबीतल्या दोन देल्ल्या मी. पित्ताच्या. बाकी काईच नाई.”

माझ्या दोन. ज्या बाईने उभ्या जन्मात कधी ही गोळी घेतली नाही, तिला एकदम दोन.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. श्वास मोजत होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टर, मराठी जेमतेम. भाऊजी बाजूलाच, निखिल बाहेर गाडीपाशी. मी इंग्रजीत बोलले. इतक्या वर्षांनी, शाळेतल्यासारखं, पाठ म्हटल्यासारखं: गोळीचं नाव, किती, केव्हा, ती माझी आहे, मला फिट येतात, लहानपणापासून. चंद्रपूरचे डॉक्टर सोडले तर ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. आता ह्या पोरसवदा माणसाला.

त्याने बीपी, शुगर, श्वास बघितलं. म्हणाला, उतरेल, दुपारपर्यंत इथेच ठेवू, झोपेचं दुसरं काही देऊ नका. मग इंग्रजीतच, हळू: “घरच्यांना तुम्ही सांगाल की मी?”

मी म्हटलं, मी. आज नको, आज लग्न आहे.

तो म्हणाला, ठीक. पण त्या डबीवर खरं नाव लिहा. आजच.

भाऊजींनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, थकव्याने झालंय, काळजी नाही. छत्तीस वर्षांत खोटं बोलायची सवय झाली, पण दुसऱ्याच्या जिवाबद्दल पहिल्यांदाच.

लग्न साडेअकराचं साडेतीनला लागलं. सु.ताई खुर्चीत, पांढऱ्या साडीत, डोळे मिटत-उघडत. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा हात जोडले त्यांनी. मुलाच्या लग्नातलं अर्धं त्यांना आठवणारही नाही. ते मी घेतलं त्यांच्याकडून.

डबी मागून घेतली. रिकामी. दोन असायला हव्या होत्या. धावपळीत सांडल्या असतील.

२८ एप्रिल, सोमवार

परत आलो. सु.ताई वाटभर माझ्या खांद्यावर झोपल्या. मध्येच जाग्या होऊन म्हणाल्या, “शालू, तू होतीस म्हणून. विंग्रजी फाडलीस म्हणे डॉक्टरसमोर.” आणि माझा गाल थोपटला.

डबीवर अजून ‘पित्त’च आहे.

३० एप्रिल, बुधवार

सु.ताई टवटवीत. मला बघून हसल्या.

“शालू, तुह्या त्या गोळीचं नाव लिहून दे वं. गॅस तं गेलाच, पण झोप! पंधरा वर्षांत तशी झोप लागली नाई मले.”

“ताई, ती माझी… ती डॉक्टरांनी मलाच दिलेली आहे.”

“पित्त पित्तासारखंच असते. तुहं काय निराळं हाये?” मग आवाज खाली आणून, “डबीत दोन होत्या, त्या मी काढून ठेवल्या. पानदानात. लागली गरज तं घेईन.”

काल, परवा, कधीही घेतल्या असत्या. किल्ली कमरेला. मी म्हटलं, द्या ना परत, माझ्या संपल्यात. तर म्हणतात, “खोटं! कालच चंद्रपूरले गेली होतीस, मले मालूम हाये.”

गेले नव्हते. पण हे सांगून काय उपयोग?

घरी येऊन उभीच होते स्वयंपाकघरात. गॅस पेटवला, बंद केला. दोनदा.

२ मे, शुक्रवार

चिठ्ठी लिहिली. चार कागद फाडले. ताई सातवी शिकलेल्या, सावकाश वाचतात, म्हणून मोठ्या अक्षरात.

‘ताई, त्या गोळ्या पित्ताच्या नाहीत. मला फिट येतात, लग्नाआधीपासून. ह्यांना माहीत होतं. सिरोंच्याला तुम्ही त्या गोळ्यांमुळे पडलात, थकव्याने नाही. त्या दोन घेऊ नका. आरमोरीच्या मुलीच्या वेळी मी बोलायला हवं होतं. शालिनी.’

नेऊन हातात दिली. चष्मा शोधायला लागल्या. म्हटलं, “आधी त्या दोन गोळ्या टाका बाजूला, मग वाचा.” थांबले नाही.

३ मे, शनिवार

काही नाही. फोन नाही. एरवी सकाळी आठला येतो, चहा झाला का म्हणून.

ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले. तुम्ही झाकलंत, मी उघडलं. रागावलात?

ते झाकण माझ्यासाठी होतं, हे कळतं. पण त्या झाकणाखाली आरमोरीची पोरही गेली.

रात्रीची गोळी पाकिटातून काढून घेतली. पाकीट ओट्यावरच राहू दिलं. नाव वर.

४ मे, रविवार

दुपारी अनुषा आली, नवी सून, एकटीच. हातात स्टीलचा डबा.

“आत्याने दिला.” ती सासूला आत्या म्हणते.

“काही म्हणाल्या?”

“नाही काकू. दोन दिवस कोणाशीच बोलत नाहीत. मामांशी पण नाही.” मग जाता जाता, “डबा तुम्हीच आणून द्या, सांगितलंय. माझ्या हाती परत पाठवू नका म्हणाल्या.”

उघडला. वांग्याची भाजी, वर बोटभर लाल तर्री. वरण नाही, भात नाही. सोबत फक्त भाकरी.

झाकणात कागदाची पुडी. आत माझ्या दोन गोळ्या. पुडीवर सु.ताईंचं वाकडं अक्षर, पानदानाच्या सगळ्या पुड्यांवर असतं तसं: ‘शालू. फिट. रात्री १.’

जेवले. ठसका लागला. नाक पुसत जेवले, सगळं. ती रागाने पाठवली असेल तर्री? की… तिखट तर होतं.

डबा घासून पालथा घातलाय. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, मूठभर तांदूळ का होईना. उद्या सकाळी जायचं. तांदूळ काढले, परत ठेवले. गूळ काढला. नको. आरमोरीच्या मुलीच्या घरचा नंबर आहे वहीत, तो कागदावर उतरवला, फोन ताईंनी आणि मी मिळून करावा म्हणून, आणि डब्याशेजारी ठेवून बघत बसले आहे.